‘कोणी पाहिले?’ या प्रश्नाचे उत्तर : उत्क्रांती, निर्मितिवाद आणि वादाची रीत

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद शहरात वैदिक संमेलनाच्या निमित्ताने आलेले तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे सांगितले. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचे ना सांगितले आहे ना लिहून ठेवले आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. शालेय अभ्यासक्रमातही त्यानुसार बदल व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. देशातील तिन्ही विज्ञान अकादम्यांनी त्यावर संयुक्त निवेदन काढले. उत्क्रांतीच्या मूलभूत तथ्यांविषयी विज्ञानात वाद नाही आणि या सिद्धान्तातून निघणारी अनेक भाकिते प्रयोगांनी व निरीक्षणांनी खरी ठरली आहेत, असे त्यांनी स्पष्ट केले. खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही आपल्या सहकाऱ्याला अशी विधाने टाळण्यास सांगितले.

प्रकरण तेथे थांबले. परंतु ‘कोणी पाहिले?’ हा प्रश्न थांबला नाही, कारण तो एका मंत्र्याचा नव्हता. सृष्टी आणि तिच्यातील जीवजाती आजच्याच रूपात कोणीतरी घडविल्या, असे मानणाऱ्या निर्मितिवादाचा तो जगभरातील आवडता प्रश्न आहे. त्याच्यासोबत आणखी तीन युक्तिवाद नेहमी येतात. उत्क्रांती हा ‘केवळ एक सिद्धान्त’ आहे. एका जातीपासून दुसरी जात होतानाचे मधले दुवे सापडत नाहीत. आणि जिवंत शरीराची रचना इतकी गुंतागुंतीची आहे, की ती आपोआप घडणे शक्य नाही. हे चारही युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतात. त्यांना केवळ ‘अडाणीपणा’ म्हणून झटकून टाकणे हे उत्तर नव्हे. सुदैवाने त्यांची तपासणी एकदा न्यायालयात, शपथेवर आणि उलटतपासणीसह झालेली आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात २००५ साली चाललेला डोव्हर खटला तो हाच.

वाद, जल्प आणि वितंडा

खटल्याकडे वळण्यापूर्वी आपल्याकडील एक जुनी कसोटी लक्षात घेणे उपयोगाचे ठरेल. न्यायदर्शनाने ज्या सोळा पदार्थांची गणना केली आहे, त्यांत वाद, जल्प आणि वितंडा हे तीन चर्चाप्रकार आहेत. सत्य काय ते ठरविण्यासाठी जो होतो तो वाद. केवळ जिंकण्यासाठी जो होतो तो जल्प. आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता समोरच्याचे फक्त खंडन करीत राहणे म्हणजे वितंडा. मराठीतील ‘वितंडवाद’ हा शब्द येथूनच आला. याच यादीत ‘निग्रहस्थान’ही आहे. वादी ज्या ठिकाणी हरला असे मान्य करावे लागते, ते स्थान म्हणजे निग्रहस्थान.

वैज्ञानिक विचारपद्धतीचे मर्म या शब्दांत नेमके सांगता येते. आपले निग्रहस्थान कोणते हे जो आधीच सांगून ठेवतो, म्हणजे ‘अमुक गोष्ट आढळली तर माझे म्हणणे खोटे’ असे बजावतो, तो वाद करीत असतो. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन हे १९५७ साली भारतात आले आणि पुढे भारताचे नागरिक झाले. उत्क्रांती कशाने खोटी ठरेल असे विचारल्यावर ‘कँब्रियनपूर्व काळातील सशाच्या जीवाश्माने’ असे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगितले जाते. सुमारे ५४ कोटी वर्षांपेक्षा जुन्या खडकांत एकही सस्तन प्राणी सापडता कामा नये, असे उत्क्रांतीचे म्हणणे आहे. तो सापडला, तर सारी मांडणी कोसळेल. आजवर तसा सापडलेला नाही.

डोव्हरमध्ये काय घडले?

यॉर्क परगण्यातील डोव्हर या लहान गावाच्या शाळा मंडळाने १८ ऑक्टोबर २००४ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी एक ठराव केला. नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात उत्क्रांतीचा धडा सुरू होण्यापूर्वी विद्यार्थ्यांना एक निवेदन वाचून दाखवायचे होते. डार्विनचा सिद्धान्त हा सिद्धान्त आहे, वस्तुस्थिती नव्हे. त्यात उणिवा आहेत. जीवसृष्टीच्या उगमाचे ‘इंटेलिजंट डिझाइन’ म्हणजे बुद्धिमान रचनावाद हे वेगळे स्पष्टीकरण आहे. आणि ज्यांना ते जाणून घ्यायचे असेल त्यांच्यासाठी ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ हे पुस्तक शाळेत उपलब्ध आहे, असा त्याचा आशय होता. विज्ञानाच्या शिक्षकांनी हे निवेदन वाचण्यास नकार दिला. जे विज्ञान नाही ते विज्ञान म्हणून विद्यार्थ्यांपुढे ठेवणे आपल्या व्यावसायिक कर्तव्याविरुद्ध आहे, असे त्यांनी लेखी कळविले. शेवटी जानेवारी २००५ मध्ये शाळेच्या प्रशासकांनी वर्गात येऊन ते वाचले.

तोवर अकरा पालक न्यायालयात गेले होते. टॅमी किट्झमिलर या पालकाच्या नावाने हा खटला ओळखला जातो. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार सरकारी शाळेत कोणत्याही धर्ममताचा पुरस्कार करता येत नाही. त्यामुळे बुद्धिमान रचनावाद हे विज्ञान आहे की धर्ममत, याचा निकाल न्यायालयाला द्यावा लागणार होता. हॅरिसबर्ग येथे २६ सप्टेंबर ते ४ नोव्हेंबर २००५ या काळात सुनावणी झाली. न्यायाधीश जॉन जोन्स हे रिपब्लिकन पक्षाचे, अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी नेमलेले होते.

‘केवळ एक सिद्धान्त’

निवेदनातील पहिलाच मुद्दा शब्दाच्या दुहेरी अर्थावर उभा होता. इंग्रजी बोलण्यात ‘थिअरी’ म्हणजे अंदाज, अटकळ. विज्ञानात मात्र अनेक तथ्यांची एकत्र संगती लावणारे आणि वारंवार तपासले गेलेले स्पष्टीकरण, असा तिचा अर्थ आहे. रोग जंतूंमुळे होतात हीही ‘थिअरी’च आणि पदार्थ अणूंचे बनलेले असतात हीही. एकाच शब्दाचा एका अर्थाने केलेला प्रयोग दुसऱ्या अर्थाने घेऊन खोडून काढणे, याला न्यायदर्शनात वाक्छल म्हणतात. त्याचे नेहमीचे उदाहरण ‘नवकंबल’ हे आहे. एखाद्याने ‘याच्याकडे नव कांबळे आहे’ म्हणजे नवे कांबळे आहे, असे म्हणावे आणि दुसऱ्याने ‘नऊ कोठे आहेत, एकच तर दिसते’ असे उत्तर द्यावे.

मराठीत तर हा युक्तिवाद उभाच राहू नये. आपण ‘थिअरी’साठी सिद्धान्त हा शब्द वापरतो आणि त्याचा मूळ अर्थच ‘सिद्ध झालेला निष्कर्ष’ असा आहे. तरीही ‘केवळ सिद्धान्त’ हे शब्द मराठीतही सर्रास ऐकू येतात, याचे कारण इंग्रजीतील छल आपण अर्थ न तपासता भाषांतरित करून घेतला.

न पाहिलेल्याचे ज्ञान

आता ‘कोणी पाहिले?’ या प्रश्नाकडे येऊ. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ज्ञान होत नाही, ही भूमिका आपल्या परंपरेत चार्वाकांची म्हणून सांगितली जाते आणि वैदिक दर्शनांनी तिला विरोध केला. डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी आहे हे कळते, अग्नी दिसण्याची गरज नसते. हे अनुमान तर्कशास्त्राच्या पहिल्या पाठात शिकविले जाते. खुनाचा साक्षीदार नसला, तरी न्यायालय ठशांवरून आणि रक्ताच्या नमुन्यांवरून गुन्हेगार ठरवते. भूतकाळाविषयीचे विज्ञान याच मार्गाने चालते. घटना निघून जाते, पण तिच्या खुणा राहतात. आपले अनुमान खरे असेल तर कोणत्या खुणा कोठे सापडल्या पाहिजेत, हे आधी सांगून मग शोध घेतला जातो.

डोव्हर खटल्यातील पहिले साक्षीदार, ब्राऊन विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर यांनी याचे जे उदाहरण न्यायालयापुढे मांडले, ते समजण्यास सोपे आणि टाळण्यास अवघड आहे. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या पेशींत गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात. माणसाच्या पेशीत २३ असतात. माणूस आणि हे कपी यांचे पूर्वज एकच असतील, तर माणसाची एक जोडी गेली कोठे? शेकडो जनुके असलेले पूर्ण गुणसूत्र नाहीसे झाले, तर तो जीव जगणार नाही. म्हणजे एकच शक्यता उरते. मानवाच्या वंशात दोन गुणसूत्रे एकमेकांना जोडली जाऊन त्यांचे एक झाले असले पाहिजे.

हे अनुमान खरे असेल, तर त्याच्या खुणा कोणत्या असतील तेही सांगता येते. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना एका ठरावीक क्रमाची पुनरावृत्ती असलेला टोपणासारखा भाग असतो आणि साधारण मधल्या भागात पेशीविभाजनाच्या वेळी उपयोगी पडणारा एक बंध असतो. दोन गुणसूत्रे टोकाला टोक लावून जोडली गेली असतील, तर माणसाच्या कोणत्या तरी एका गुणसूत्राच्या पोटात, जेथे असण्याचे काही कारण नाही अशा ठिकाणी, टोकांचा क्रम सापडला पाहिजे. आणि एकाऐवजी दोन बंधांच्या खुणा दिसल्या पाहिजेत. माणसाचे दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र नेमके असेच आहे. टोके जुळल्याची जागा १९९१ मध्ये सापडली. २००५ मध्ये या गुणसूत्राचा सविस्तर क्रम प्रसिद्ध झाला, तेव्हा निकामी झालेल्या दुसऱ्या बंधाचे अवशेषही निश्चित झाले. चिंपांझीची संबंधित दोन गुणसूत्रे शेजारी ठेवली, की ती या एका गुणसूत्राशी जुळतात.

या खुणा सापडल्या नसत्या, तर समान पूर्वजांची कल्पना अडचणीत आली असती, हे मिलर यांनी न्यायालयात स्पष्टपणे सांगितले. ते या वादातले निग्रहस्थान होते. रचनाकाराने सारे घडविले असे मानणाऱ्याला मात्र गुणसूत्रे २३ असोत की २४, जोड दिसो वा न दिसो, काहीच फरक पडत नाही. कोणत्याही निष्कर्षाशी जुळवून घेणारे स्पष्टीकरण कशाचेच स्पष्टीकरण करीत नाही.

काही बदल तर प्रत्यक्षही पाहिले गेले आहेत. अमेरिकेतील रिचर्ड लेन्स्की यांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये जीवाणूंच्या बारा एकसारख्या वसाहती वाढविण्यास सुरुवात केली. ठरावीक पिढ्यांनंतरचे नमुने ते गोठवून ठेवीत. सुमारे ३१,००० पिढ्यांनंतर एका वसाहतीतील जीवाणू प्राणवायूच्या सान्निध्यात सायट्रेट खाऊ लागले. ही क्षमता त्यांच्या पूर्वजांत नव्हती. गोठविलेले जुने नमुने पुन्हा वाढवून तो बदल टप्प्याटप्प्याने कसा आला, हेही तपासता आले.

मधले दुवे

‘पांडाज’ पुस्तकाच्या १९९३ च्या आवृत्तीत देवमाशाचे उदाहरण दिले होते. देवमासा जमिनीवरील सस्तन प्राण्यांपासून झाला असेल तर मधल्या अवस्थांचे जीवाश्म कोठे आहेत, असा सवाल त्यात होता. पुढच्याच वर्षी पाकिस्तानात सापडलेल्या ‘अँब्युलोसीटस’चे वर्णन प्रसिद्ध झाले. चार पायांचा आणि पोहण्यासही सक्षम असा हा प्राणी देवमाशाच्या प्राचीन नातलगांपैकी होता. हा खजिना भारतीय उपखंडातच दडलेला आहे. कच्छमधील आदिम देवमाशांचे वर्णन अशोक साहनी आणि त्यांचे सहकारी मिश्रा यांनी १९७५ मध्येच केले होते. जम्मू-काश्मीरमधील कालाकोट येथे भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा केलेल्या खडकांतून ‘इंडोहायस’ हा हरणासारखा लहान खुरधारी प्राणी पुढे आला. सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीच्या या प्राण्याच्या कानाच्या हाडाची जाडी देवमाशासारखी असल्याचे २००७ मध्ये दाखविण्यात आले.

या शोधाचा दुसरा भाग अधिक बोधप्रद आहे. देवमासे हे एका नामशेष झालेल्या मांसभक्षक कुळापासून निघाले, असे जीवाश्मतज्ज्ञांचे बराच काळ मत होते. १९९० च्या दशकात डीएनएच्या अभ्यासातून वेगळेच चित्र समोर आले. देवमाशाचे सर्वांत जवळचे हयात नातेवाईक पाणघोडे ठरत होते. तसे असेल, तर आदिम देवमाशाच्या घोट्याचे हाड गाय, हरीण, पाणघोडा यांच्यासारखे, दोन्ही बाजूंनी कप्पीच्या आकाराचे असायला हवे होते. २००१ मध्ये पाकिस्तानातील जीवाश्मांत ती हाडे मिळाली आणि ती तशीच होती. जुन्या मताचे पुरस्कर्ते असलेल्या फिलिप गिंगरिच यांनी स्वतःच शोधलेल्या हाडांवरून आपले मत बदलले. हरण्याची जागा मान्य असली, की हरणाऱ्यालाही ज्ञानच मिळते.

डोव्हरचा खटला चालू असताना आणखी एक जीवाश्म प्रयोगशाळेत साफ केला जात होता. मासे आणि चतुष्पाद यांच्यामधला प्राणी शोधण्यासाठी नील शुबिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी खडकांचे वय ठरविले. पायांचे प्राणी सुमारे ३६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडतात, त्यांच्याशी साम्य असलेले मासे ३८.५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत. म्हणजे मधला प्राणी मधल्या काळात असणार. त्या वयाचे योग्य खडक त्यांना कॅनडाच्या ध्रुवीय भागातील एल्समीअर बेटावर मिळाले. कित्येक उन्हाळ्यांच्या खोदकामानंतर २००४ मध्ये तेथे सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा ‘टिक्टालिक’ सापडला. त्याला माशाचे खवले होते, मान होती आणि परांच्या आत मनगटासारखी हाडे होती. एप्रिल २००६ मध्ये, म्हणजे निकालानंतर चार महिन्यांनी, तो जगापुढे आला.

कुंभार आणि घट

चौथा युक्तिवाद सर्वांत जुना आणि सर्वांत प्रभावी आहे. माळरानावर घड्याळ सापडले तर त्याचा कारागीर असणारच, असे इंग्रज धर्मपंडित विल्यम पेली यांनी १८०२ मध्ये मांडले. आपल्याकडे घट आणि कुंभार यांचा दृष्टान्त त्याहून कितीतरी जुना आहे. सृष्टी हे कार्य आहे, म्हणून तिला कर्ता हवा, असे उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त प्रतिपादन केले. मात्र वेदांचे प्रामाण्य मानणाऱ्या कुमारिल भट्टांनी उदयनांच्याही पूर्वी या दृष्टान्तावर आक्षेप घेतले होते. कुंभाराला देह असतो, मग सृष्टिकर्त्याच्या देहाचा कर्ता कोण? आणि दुःखाने भरलेले जग निर्माण करण्यात त्याचे प्रयोजन काय? सृष्टिकर्त्याविषयी शंका घेणे ही पाश्चात्त्यांकडून उसनी आणलेली गोष्ट नाही, हे यावरून दिसते.

डोव्हरमध्ये हा युक्तिवाद लिहाय विद्यापीठातील जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही यांनी आधुनिक रूपात मांडला. न्यायाने सांगायचे तर बीही पृथ्वीचे प्राचीनत्व आणि जीवांचे समान पूर्वज या दोन्ही गोष्टी मान्य करतात. त्यांचा मुद्दा असा, की काही रचनांतील एकही भाग काढला तरी सारी रचना निरुपयोगी होते. उंदराच्या सापळ्यातील स्प्रिंग काढली की तो सापळा राहत नाही. जीवाणूला पोहण्यास मदत करणारी शेपटी, रक्त गोठण्याची साखळी आणि रोगप्रतिकार यंत्रणा या तशाच रचना आहेत. अर्धवट अवस्थेत त्यांचा उपयोग नसल्याने त्या टप्प्याटप्प्याने घडू शकत नाहीत.

मिलर यांचे उत्तर असे होते, की भाग काढल्यावर मूळ काम थांबते हे खरे; पण दुसरे काम होऊ शकते. सापळ्याचे दोन भाग काढले, तरी उरलेल्याचा टायला लावण्याचा चिमटा होतो. जीवाणूच्या शेपटीच्या तळाशी असलेल्या प्रथिनांशी मिळतीजुळती प्रथिने काही रोगकारक जीवाणूंत आढळतात. तेथे ती शेपटी फिरवीत नाहीत, तर शिकारीच्या पेशीत विष टोचतात. म्हणजे शेपटीचा एक भाग स्वतंत्रपणेही उपयोगी आहे. शिवाय घट आणि जीव यांच्यात एक मूलभूत फरक आहे. घटाला पिल्ले होत नाहीत. जीवांना होतात, ती थोडी वेगवेगळी असतात आणि त्यांतील काहीच टिकतात. उत्क्रांतीचे सारे स्पष्टीकरण या फरकावर उभे आहे.

प्रतिकार यंत्रणेच्या उगमाविषयी विज्ञानाकडे उत्तर नाही, असे बीही यांनी आपल्या पुस्तकात लिहिले होते. उलटतपासणीत याच विषयावरील ५८ शोधनिबंध, नऊ पुस्तके आणि पाठ्यपुस्तकांतील प्रकरणे त्यांच्यापुढे रचण्यात आली. त्यांना ती पुरेशी वाटली नाहीत. मात्र एखाद्या जैविक यंत्रणेची बुद्धिमान रचना कशी झाली, याचा प्रयोगांनी वा गणिताने काटेकोर तपशील देणारा एकही तज्ज्ञपरीक्षित निबंध नाही, हे त्यांनी मान्य केले. विज्ञानाच्या आपल्या व्याख्येत बुद्धिमान रचनावाद बसत असेल तर फलज्योतिषही बसेल, हेही त्यांना कबूल करावे लागले. शेपटी नसलेले जीवाणू दहा हजार पिढ्या वाढवून पाहावेत, असा प्रयोग त्यांनी स्वतःच सुचविला होता. तो त्यांनी केलेला नव्हता. समोरच्याचे पुरावे अपुरे आणि स्वतःचे शून्य, अशी ही स्थिती होती. न्यायसूत्रांनी वितंडा म्हटले ते हेच.

बदललेले शब्द

बुद्धिमान रचनावाद हा निर्मितिवाद नव्हे, असे मंडळाचे म्हणणे होते. हा फरक महत्त्वाचा होता, कारण लुइझियाना राज्याचा निर्मितिवाद शिकविण्याविषयीचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून १९८७ मध्ये घटनाबाह्य ठरविला होता. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक बार्बरा फॉरेस्ट यांनी ‘पांडाज’चे जुने मसुदे न्यायालयात ठेवले. १९८७ च्या निकालापूर्वीच्या मसुद्यांत सर्वत्र ‘निर्मिती’ आणि ‘निर्मितिवादी’ हे शब्द होते. निकालानंतरच्या मसुद्यात त्याच वाक्यांत ‘बुद्धिमान रचना’ आणि ‘रचनेचे पुरस्कर्ते’ हे शब्द आले. व्याख्या जवळपास तीच राहिली. एका ठिकाणी तर घाईत जुना शब्द अर्धवट पुसला गेला. त्याचे पहिले अक्षर आणि शेपूट नव्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना तसेच राहून गेले. दोन जीवजातींमधला दुवा मागणाऱ्या पुस्तकात दोन आवृत्त्यांमधला दुवा असा सापडला.

२० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जोन्स यांनी १३९ पानांचा निकाल दिला. बुद्धिमान रचनावादाचे म्हणणे खरे आहे की खोटे, याविषयी न्यायालय मत देत नाही. पण ते विज्ञान नव्हे, असे त्यांनी नमूद केले. उत्क्रांतीत उणीव दाखविली की रचनावाद आपोआप सिद्ध होतो, ही दोनच पर्यायांची मांडणी कृत्रिम असल्याचेही त्यांनी म्हटले. आपल्या धर्मश्रद्धेचा जाहीर अभिमान बाळगणाऱ्या काही सदस्यांनी खरा हेतू लपविण्यासाठी वारंवार खोटे सांगितले, असे ताशेरेही निकालात आहेत. निकालापूर्वीच, ८ नोव्हेंबरच्या निवडणुकीत, ठरावाच्या बाजूचे उभे असलेले आठही सदस्य पराभूत झाले होते. नव्या मंडळाने अपील केले नाही. वादींच्या कायदेशीर खर्चापोटी सुमारे १० लाख डॉलर मात्र शाळांच्या तिजोरीतून गेले.

श्रद्धेचा प्रश्न

हा श्रद्धा आणि नास्तिकता यांच्यातील सामना होता, असे समजणे चूक ठरेल. मिलर स्वतः श्रद्धावान कॅथलिक आहेत. पालकांच्या बाजूने साक्ष देणाऱ्यांत जॉन हॉट हे कॅथलिक धर्मशास्त्राचे अभ्यासकही होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ऑक्टोबर १९९६ मध्ये उत्क्रांती ही निव्वळ गृहीतकापेक्षा अधिक असल्याचे म्हटले होते. गोव्यातील वाचकांना हे आवर्जून सांगण्याजोगे आहे.

हिंदू समाजात निर्मितिवाद तितका प्रबळ नाही. येथे चूक बहुधा उलट्या दिशेने होते. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह या क्रमात उत्क्रांतीच सांगितली आहे, असे अभिमानाने म्हटले जाते. दशावतार ही भक्तीची, पुराणांची आणि कोकण-गोव्याच्या रंगभूमीची मोलाची ठेव आहे. परंतु तिच्यावरून कोणता जीवाश्म कोणत्या खडकात मिळेल हे कोणी आधी सांगितले नाही. डार्विनचे पुस्तक १८५९ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर हा मेळ जुळविला गेला. शिवाय उत्क्रांती ही माशापासून पूर्णपुरुषापर्यंत चढत जाणारी शिडी नाही. ते फांद्या फुटलेले झाड आहे आणि आजचा मासाही माणसाइतकाच दीर्घ वंशाचा वारस आहे. माकडाचा माणूस झाला हे म्हणणेही म्हणूनच चुकीचे आहे. आजची माकडे आणि माणूस यांचे पूर्वज समान होते.

वर्गातील धडा

२०२३ मध्ये हा विषय आपल्याकडे पुन्हा चर्चेत आला. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणाचे केवळ ‘आनुवंशिकता’ झाले. करोनाकाळानंतर अभ्यासाचा भार हलका करण्यासाठी हे केले असून उत्क्रांती बारावीच्या जीवशास्त्रात आहेच, असे परिषदेचे स्पष्टीकरण होते. अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी खुल्या पत्राद्वारे हा भाग परत आणण्याची मागणी केली.

परिषदेचा हेतू डोव्हरच्या मंडळासारखा होता, असे म्हणण्यास आधार नाही. मूळ आवर्त सारणीही त्याच छाटणीत दहावीतून गेली. परंतु परिणामाचा विचार करावाच लागतो. दहावीनंतर वाणिज्य, कला वा तंत्रशिक्षणाकडे वळणारे विद्यार्थी बारावीच्या जीवशास्त्राचे पुस्तक कधी उघडत नाहीत. प्रतिजैविकांचा डोस मधेच सोडला तर औषधाला दाद न देणारे जीवाणू का वाढतात, कीटकनाशक काही वर्षांनी निकामी का होते, विषाणूचे नवे प्रकार का येतात, हे प्रश्न त्यांच्याही आयुष्यात येणार आहेत आणि या सर्वांचे उत्तर त्या वगळलेल्या पानांच्या आधाराने कळते.

त्याहून मोठी हानी विचाराच्या सवयीची आहे. न पाहिलेल्या घटनेविषयी पुराव्यावरून निष्कर्ष कसा काढावा आणि तो चुकला तर कसे कळेल, याचा इतका चांगला नमुना शालेय अभ्यासक्रमात दुसरा क्वचितच सापडेल. पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याने वर्गात ‘पण हे कोणी पाहिले?’ असे विचारले, तर तो प्रश्न उद्धटपणाचा नाही. उत्तर देण्यास शिक्षकाकडे दोन गुणसूत्रांचा जोड आहे, कच्छचे देवमासे आहेत, गोठवून ठेवलेले जीवाणू आहेत. मात्र त्यासाठी पुस्तकात ते प्रकरण असले पाहिजे.